अडचणीतील विद्यार्थी आणि अध्यापक वैद्य : सांगणे व सोपविणे यांतील अंतर

(अध्यापकांसाठी अभ्यासलेख)

आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक हा एकाच वेळी शिक्षकही असतो आणि वैद्यही असतो. वर्गात मागच्या बाकावर बसणारा एखादा विद्यार्थी सुकत चालला आहे, त्याची उपस्थिती कमी होत आहे, तो प्रश्न विचारीनासा झाला आहे, हे त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. तरीही पुढे काय करावे, हा प्रश्न उरतोच. विषय शिकविण्याचे प्रशिक्षण आपणांस मिळालेले असते. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला योग्य व्यक्तीपर्यंत व योग्य सेवेपर्यंत नेऊन पोचविण्याचे शिक्षण मात्र आपल्यापैकी बहुतेकांना कोणी दिलेले नाही. प्रस्तुत लेखात या कामाची शास्त्रीय बैठक, लक्षणे ओळखण्याची रीत, संवादाची पद्धत आणि आज उपलब्ध असलेल्या सेवा यांचा क्रमाने विचार केला आहे.

एक अनुभव

विषयाकडे वळण्यापूर्वी स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात अध्यापन करीत असताना प्रथम वर्षाला आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आलेला एक विद्यार्थी होता. घरी कोलामी बोलणारा, आश्रमशाळेत मराठीतून शिकलेला आणि आता एकीकडे संस्कृत सूत्रे व दुसरीकडे इंग्रजी शारीर अशा दुहेरी ओझ्याखाली दबलेला. रचनाशारीरात तो अनुत्तीर्ण झाला. शिष्यवृत्तीची रक्कम थकली होती. मी त्याला आपुलकीनेच म्हणालो, "अमुक कार्यालयात जाऊन चौकशी कर." तो "हो सर" म्हणाला. माझे कर्तव्य संपले, असे मला वाटले.

पुढच्या सत्रात तो दिसला नाही. वर्षभराने लोहारा येथील औद्योगिक वसाहतीजवळच्या चहाच्या टपरीवर तो मला भेटला. रात्रपाळी करून आला होता. मी कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमी सांगतलं होतं जा म्हणून, पण तिथं गेल्यावर कोणाले भेटाचं, हे मले माहीत नव्हतं." तो त्या कार्यालयात एकदा गेला होता. तेथे महाविद्यालयाचा बोनाफाईड दाखला मागितला गेला. महाविद्यालयात दाखल्यासाठी आधी थकलेले शुल्क भरण्यास सांगण्यात आले. आणि शुल्क भरण्यासाठी तर शिष्यवृत्ती हवी होती. या चक्रातून बाहेर पडण्यास एका दूरध्वनीची किंवा एका चिठ्ठीची गरज होती. ती चिठ्ठी मी लिहू शकलो असतो. मी त्याला केवळ 'सांगितले' होते, 'सोपविले' नव्हते. या दोन क्रियापदांतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

शास्त्राधार

(१) गुरूचे दायित्व : चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याने आचार्याची परीक्षा कशी करावी, हे सांगितले आहे. तेथे आचार्याच्या गुणांत केवळ शास्त्रज्ञान नाही. क्रोधरहितता, क्लेश सोसण्याची तयारी, शिष्यवात्सल्य आणि विषय समजावून देण्याचे सामर्थ्य हेही गुण मोजले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शिष्योपनयनीय अध्यायात शिष्याला नियम सांगून झाल्यावर गुरू स्वतःलाही बांधून घेतो. शिष्य योग्य रीतीने वागत असता मी जर त्याच्याशी अन्यथा वागलो, तर मी पापाचा धनी होईन व माझी विद्या निष्फळ होईल, असा त्याचा आशय आहे. उपनयन हा अशा प्रकारे दोन्ही बाजूंचा करार आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

(२) चिकित्साचतुष्पाद : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चार पादांवर चिकित्सा उभी असते. विद्यार्थ्याच्या बाबतीत अध्यापक एकटाच चारही पाद होऊ पाहतो, तेथे चूक होते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, समुपदेशन, औषधोपचार ही 'द्रव्ये' होत. समुपदेशक, समाजकार्यकर्ता, कार्यालयीन लिपिक, वसतिगृहाचे अधीक्षक हे 'उपस्थाते' होत. रोग्याच्या चार गुणांत 'ज्ञापकत्व' म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे हा एक गुण आहे. अडचणीतील विद्यार्थ्याजवळ नेमका हाच गुण त्या वेळी उरलेला नसतो. म्हणून त्याच्या वतीने निवेदन करणे, हे अध्यापकाचे काम ठरते.

(३) पराधिकार : दुसऱ्याकडे पाठविणे म्हणजे आपला कमीपणा मान्य करणे, अशी एक समजूत आपल्या व्यवसायात आढळते. संहितेला ती मान्य नाही. गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माच्या ठिकाणी शस्त्रकर्माचा अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या वैद्यांचा आहे, असे चरकाचार्य स्पष्टपणे सांगतात. नेत्ररोगांच्या प्रकरणीही हा दुसऱ्या तंत्राचा अधिकार असल्याने आपण विस्तार करीत नाही, असे ते नमूद करतात. कायचिकित्सेच्या श्रेष्ठ आचार्यांना जर आपली मर्यादा सांगण्यात संकोच वाटला नाही, तर आपणांस का वाटावा?

षट्क्रियाकाल : अडचण ओळखण्याची चौकट

सुश्रुताचार्यांनी संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद असे सहा क्रियाकाल सांगितले. विद्यार्थ्याच्या अडचणीचेही असेच टप्पे दिसतात. हे साम्य केवळ समजुतीसाठी घ्यावे. तो काही निदानाचा निकष नव्हे.

संचय : विद्यार्थी वेळेवर येतो, परंतु वही कोरी असते. भाषा समजत नाही, हे तो कोणाला सांगत नाही. वसतिगृहातील जेवणाचे पैसे थकू लागतात.

प्रकोप : घटक चाचणीत अपयश, मित्रांशी तुटकपणा, झोपेची तक्रार, डोकेदुखी वा अग्निमांद्य यांसाठी वारंवार बाह्यरुग्ण विभागात येणे.

प्रसर : एका विषयातील अडचण सर्व विषयांत पसरते. प्रात्यक्षिकांना अनुपस्थिती, विच्छेदन कक्ष टाळणे, घरी वारंवार जाणे किंवा याउलट सुट्टीतही घरी न जाणे.

स्थानसंश्रय : अडचण एका ठिकाणी ठाण मांडते. कोणाच्या बाबतीत ती परीक्षेची भीती असते, कोणाच्या बाबतीत व्यसन, कोणाच्या बाबतीत घरचे कर्ज, कोणाच्या बाबतीत वरिष्ठांकडून होणारा छळ.

व्यक्ती : विद्यार्थी परीक्षेला बसत नाही, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज देतो, उघडपणे निराशेची भाषा बोलतो.

भेद : शिक्षण सोडणे, आत्मघाताचा प्रयत्न यांसारखे परिणाम.

पहिल्या दोन टप्प्यांत विद्यार्थ्याला अर्ध्या तासाचे संभाषण व एखादी चिठ्ठी पुरते. पाचव्या टप्प्यात सर्व महाविद्यालय धावले, तरी अपुरे पडू शकते. आपल्या व्यवस्थेत मात्र दखल बहुधा पाचव्या टप्प्यावर, म्हणजे परीक्षा अर्जाच्या वेळी उपस्थितीची यादी लागते तेव्हा घेतली जाते. बी. ए. एम. एस. अभ्यासक्रमात प्रत्येकी अठरा महिन्यांची तीन व्यावसायिक वर्षे व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आहे. अठरा महिने हा काळ दीर्घ आहे. पहिल्या तीन महिन्यांत निसटलेला विद्यार्थी शेवटच्या तीन महिन्यांत हाती लागत नाही. अभ्यासक्रमाच्या आरंभी जो प्रास्ताविक कार्यक्रम होतो, त्याच काळात प्रत्येक विद्यार्थ्याची भाषा, माध्यम, निवासाची सोय आणि शिष्यवृत्तीची स्थिती यांची नोंद घेतल्यास 'संचय' वेळीच दिसू शकतो.

संभाषणाची रीत

१. स्थळ व वेळ : सर्वांसमक्ष प्रश्न विचारू नये. कर्मचारी-कक्षात इतर अध्यापक बसलेले असताना तर मुळीच नाही. दार उघडे, परंतु बोलणे इतरांना ऐकू जाणार नाही, अशी जागा निवडावी.

२. निरीक्षण सांगावे, निष्कर्ष नव्हे : "तू आळशी झाला आहेस" हा निष्कर्ष होय. "गेल्या तीन आठवड्यांत तू पाच प्रात्यक्षिकांना आला नाहीस, मला काळजी वाटली" हे निरीक्षण होय. पहिल्या वाक्याने विद्यार्थी बचावाच्या पवित्र्यात जातो, दुसऱ्याने बोलू लागतो.

३. ऐकावे : पहिली दहा मिनिटे उपदेश करू नये. "आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला" हे वाक्य खरे असले, तरी त्याचा उपयोग होत नाही.

४. भाषा : वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी वा कोलामी ही ज्याची घरची बोली आहे, त्याला शुद्ध प्रमाण मराठीतही मन मोकळे करणे जड जाते. त्याच्या बोलीतील चार शब्द आपणांस येत असतील, तर ते अवश्य वापरावेत. त्याच बोलीचा एखादा विश्वासू वरिष्ठ विद्यार्थी जोडून देता येतो. मात्र विद्यार्थ्याची संमती घेऊनच.

५. एकच पुढचे पाऊल ठरवावे : एकाच वेळी दहा उपाय सांगू नयेत. आज काय करायचे, कोणाबरोबर, किती वाजता, एवढेच ठरवावे.

६. गोपनीयतेची मर्यादा आधीच सांगावी : "तू सांगितलेले मी कोणाला सांगणार नाही; परंतु तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल." हे आरंभीच सांगितल्यास पुढे विश्वासघाताची भावना होत नाही.

निराशेची भाषा ऐकू आल्यास जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असा विचार येतो का, हे सरळ शब्दांत व शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा भेटल्याने विद्यार्थ्याचा भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आल्यास त्याला एकटे सोडू नये. तज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जावे आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे. आपल्या कापूसपट्ट्यात एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवावी. विद्यार्थ्याला 'विश्रांतीसाठी' गावी पाठविताना शेतातील घरात कीटकनाशके हाताशी असतात. ती कुलपात वा घराबाहेर ठेवण्यास पालकांना स्पष्टपणे सांगितल्याशिवाय अशा विद्यार्थ्याला घरी पाठवू नये.

अध्यापक वैद्याने टाळावयाची गोष्ट

मनाचा विषय निघताच आपला हात ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांकडे जातो. मेध्य रसायनांचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. सत्त्वावजय ही तर त्रिविध औषधांपैकी एक असून ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे मानस दोषांवरील उपाय संहितेने सांगितले आहेत. परंतु ज्याच्या हाती विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण आहेत, त्यानेच त्याचा चिकित्सक व्हावे, हे योग्य नाही. विद्यार्थी परीक्षकासमोर सर्व काही सांगत नाही, आणि सांगितले तर नंतर त्याला संकोच वाटतो. चूर्णाची पुडी देऊन संभाषण संपविणे हे तर उपचाराचे सोंग होय. शुल्क थकल्यामुळे ज्याची झोप उडाली आहे, त्याचे निदानपरिवर्जन शिष्यवृत्तीच्या अर्जाने होते. ज्याला तीव्र अवसाद आहे, त्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज असते. आयुर्वेदीय उपचार द्यावयाचाच असेल, तर तो अन्य वैद्याने, तज्ज्ञाच्या चालू उपचारांस बाधा न आणता द्यावा.

उपलब्ध सेवा : कोणती अडचण कोठे सोपवावी

(अ) मानसिक आरोग्य : केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य असून मराठीतून बोलता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळ येथे, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. लोहाऱ्यासारख्या शहरालगतच्या ठिकाणाहून तेथे जाणे सोपे आहे. उमरखेड वा झरी जामणीकडून येणाऱ्याला मात्र पूर्ण दिवस मोडावा लागतो, हे लक्षात घेऊन त्या दिवसाची अनुपस्थिती त्याच्या माथी मारू नये. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आरोग्यसेवा मिळणे व त्याविषयीची माहिती गोपनीय राहणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. आत्मघाताचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे हाच कायदा गृहीत धरतो. अशा विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची भाषा करणे हे अमानुष तर आहेच, कायद्याच्या हेतूलाही सोडून आहे.

(आ) आर्थिक अडचण : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावरून भरले जातात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांच्या निवास व भोजनासाठी अनुसूचित जातींकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींकरिता पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपल्या जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये पांढरकवडा व पुसद येथे आहेत. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात व त्या बदलतात. म्हणून महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाशी अध्यापकाने वर्षारंभीच बसून माहिती घ्यावी. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते या तीन गोष्टींपैकी एखादी राहिली, तरी संपूर्ण अर्ज अडतो.

(इ) छळ व भेदभाव : महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची याविषयीची विनियमावली २००९ ची आहे. राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जाते. अशा तक्रारीत अध्यापकाने मध्यस्थ होऊन 'आपसांत मिटवून' टाकू नये. तक्रार लेखी स्वरूपात समितीपर्यंत पोचेल, एवढे पाहावे.

(ई) अध्ययनातील अडचण : संस्कृताची भीती, इंग्रजी परिभाषा, लेखनाचा वेग यांसाठी उपचारात्मक वर्ग हवेत. वाचन-लेखनाची मूलभूत अडचण दिसल्यास विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे.

संस्थेचे कर्तव्य

हे काम आता केवळ सद्भावनेवर सोडलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक निर्देश दिले आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी; त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावेत; विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक नेमून द्यावेत; सर्व कर्मचाऱ्यांचे वर्षातून किमान दोन वेळा प्रशिक्षण व्हावे; साहाय्य क्रमांक वसतिगृहात व वर्गात ठळकपणे लावावेत, असे त्यांत सांगितले आहे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे व त्यांचा जाहीर पाणउतारा करणे यांपासून दूर राहण्याचीही त्यांत सूचना आहे. वेगळा कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. आपल्या महाविद्यालयात समुपदेशकाची खोली कोठे आहे, हे आपणांस ठाऊक नसेल, तर विद्यार्थ्याला ते ठाऊक असण्याची शक्यता नाही.

सोपविण्याचे पाच नियम

१. नाव सांगावे : 'कार्यालयात जा' असे न म्हणता कोणाला भेटायचे, ते पद व शक्य असल्यास नावानिशी सांगावे.

२. आधी आपण बोलावे : विद्यार्थ्याच्या समक्ष व त्याच्या संमतीने दूरध्वनी करावा. त्यात आवश्यक तेवढेच सांगावे.

३. चिठ्ठी द्यावी : रुग्ण दुसऱ्या वैद्याकडे पाठविताना आपण पत्र देतोच. तेच येथेही करावे. कोणती कागदपत्रे लागतील, ते त्याच कागदावर लिहावे.

४. पहिल्या वेळी सोबत असावी : स्वतः जाणे शक्य नसल्यास सहकारी किंवा विश्वासू वरिष्ठ विद्यार्थी पाठवावा.

५. पुन्हा विचारावे : आठ दिवसांनी "भेट झाली का? काय झाले?" एवढे विचारावे. काम अडले असल्यास ते कोठे अडले, हे शोधून पुन्हा पहिल्या नियमापासून सुरुवात करावी. यासाठी दिनांक, ठरलेले पाऊल व पुढील चौकशीचा दिवस एवढ्याच नोंदी असलेली खासगी वही ठेवावी. अडचणीचा तपशील तीत लिहू नये.

यांतील पाचवा नियम सर्वांत सोपा असून तोच सर्वांत अधिक मोडला जातो. मीही तोच मोडला होता.

चर्चेसाठी प्रसंग

तद्विद्यसंभाषेची आपली परंपरा आहे. शाखेच्या मासिक सभेत पुढील तीन प्रसंगांवर अध्यापक सभासदांनी चर्चा करावी.

(१) द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी दर सोमवारी अनुपस्थित असते. विचारल्यावर 'पोट दुखते' म्हणते. सोमवारी कोणते प्रात्यक्षिक असते व ते कोण घेतो, याचा शोध आपण घ्याल काय? त्यानंतर कोणाकडे जाल?

(२) हुशार विद्यार्थ्याच्या वडिलांचे अकाली निधन झाले आहे. तो शिक्षण सोडून शेती पाहण्याचे ठरवितो. त्याला थांबविण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टींची माहिती आपण मिळवाल?

(३) समुपदेशकाकडे पाठविलेला विद्यार्थी परत येऊन म्हणतो, "मी काही वेडा नाही, सर." आपण त्याला काय उत्तर द्याल?

उपसंहार

टपरीवर भेटलेल्या त्या विद्यार्थ्याने मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. तो माझ्यावर रागावलेला नव्हता, ही गोष्ट मला अधिक लागली. महाविद्यालयात परत येण्याविषयी मी त्याला विचारले, तेव्हा "आता घरचं पाहा लागते सर," एवढेच तो बोलला. कोलामी बोलणाऱ्या पाड्यांवर त्यांच्याच भाषेत नाडी पाहणारा एक वैद्य गेला असता. तो गेला नाही. त्याची बुद्धी कमी नव्हती, प्रवेशाची पात्रता त्याने स्वबळावर मिळविली होती. मधला एक दुवा तुटला होता, आणि तो दुवा मी होतो.

रोग्याच्या अंतरात्म्यात ज्ञानबुद्धीचा दीप घेऊन प्रवेश केल्याशिवाय वैद्य रोगावर चिकित्सा करू शकत नाही, असे चरकाचार्य सांगतात. तो दीप आपण रुग्णालयात रोज लावतो. वर्गात पाय ठेवताना तो विझवून ठेवू नये, आणि अंधारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला नुसती वाट दाखवून न थांबता पहिल्या वळणापर्यंत तरी त्याच्यासोबत चालावे, एवढीच सर्व अध्यापक वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती आहे.

— एक अध्यापक वैद्य, लोहारा (जि. यवतमाळ)